बंद पीसी नेमका कुठे अडला?

टेबलाखालच्या कॅबिनेटचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. पंखा फिरला नाही, दिवा लागला नाही, मॉनिटर काळा तो काळाच. पुन्हा दाबलं, जरा जोर लावून दाबलं, मग धरूनच ठेवलं. शेवटी आपण जाहीर करून टाकतो, पीसी डेड झाला.

बटण दाबलं की वीज आत जाते आणि संगणक चालू होतो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात संगणक चालवणारी वीज त्या बटणातून जातच नाही. ती आधीच आत येऊन बसलेली असते. बटण फक्त अर्ज करतं. तो अर्ज मंजूर व्हायला आतल्या पाच-सहा भागांनी एकामागोमाग एक होकार द्यावा लागतो, आणि पहिल्याचा होकार आल्याशिवाय दुसरा हलत नाही. धडधाकट पीसीत हे सगळं इतक्या झटपट उरकतं, की आपल्या हाती काहीच लागत नाही. अडलेला पीसी मात्र जिथे अडला तिथे थांबून राहतो. त्यामुळे संगणक जागा कसा होतो हे बघायचं असेल, तर बंद पडलेल्या पीसीइतका चांगला शिक्षक नाही.

बटणाला फारसे अधिकार नाहीत

1990च्या दशकाच्या मध्यापर्यंत चित्र वेगळं होतं. तेव्हाच्या पीसीत मागच्या पॉवर सप्लायपासून एक जाडजूड वायर थेट पुढच्या बटणापर्यंत यायची आणि ते बटण खरोखरच घरातली वीज जोडायचं-तोडायचं. म्हणूनच विंडोज 95 बंद करताना काळ्या पडद्यावर केशरी अक्षरांत ‘आता संगणक बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाचा संदेश यायचा आणि शेवटचं बटण माणसालाच दाबावं लागायचं. संगणकाला स्वतःला बंद करून घेण्याची सोयच नव्हती.

1995 साली इंटेलने एटीएक्स नावाची रचना आणली आणि हा कारभार उलटा झाला. आज कॅबिनेटचं पुढचं झाकण काढून बघितलं, तर बटणामागून केसासारख्या दोन बारीक वायरी निघालेल्या दिसतात. त्या मदरबोर्डच्या कोपऱ्यातल्या दोन पिनांवर बसतात. बटण दाबलं की त्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडल्या जातात. बटणाचं काम तिथेच संपतं.

पण संगणक बंद असताना हा अर्ज वाचतं कोण? त्यासाठी पॉवर सप्लायमधून, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला एसएमपीएस म्हणतात त्यातून, 5 व्होल्टची एक धार कायम चालू असते. जांभळ्या वायरीतून येणारा हा स्टँडबाय पुरवठा भिंतीवरचं बटण किंवा एसएमपीएसच्या मागचा खटका बंद केला किंवा प्लग काढला तरच थांबतो. म्हणजे शटडाउन केलेला पीसी पूर्ण बंद नसतोच. मदरबोर्डचा एक छोटासा भाग रात्रभर जागा असतो. काही पीसी बंद असतानाही यूएसबीवर मोबाइल चार्ज होतो किंवा नेटवर्कवरून इशारा आला की पीसी आपोआप सुरू होतो, तो याच 5 व्होल्टांच्या जोरावर.

तपासाची पहिली पायरी इथूनच निघते. बऱ्याच मदरबोर्डवर एक बारीक दिवा असतो, जो पीसी बंद असतानाही पेटलेला राहतो. कॅबिनेटची बाजू उघडून तो दिसला, तर भिंतीपासून मदरबोर्डपर्यंतचा रस्ता बहुतेक ठीक आहे असं समजा. दिवा नसेल, तर आधी बाहेरच बघा. एक्स्टेंशन बोर्डाच्या त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून पाहा. यूपीएस मध्ये असेल, तर तो बाजूला करून थेट भिंतीला जोडा. पॉवर केबल एसएमपीएसच्या मागे घट्ट दाबून बसवा, कारण झाडताना-पुसताना ती सैल होते आणि बाहेरून मात्र लागलेली दिसते. एसएमपीएसच्या मागचा छोटा खटका चालू आहे ना, तेही बघा. दुरुस्तीला आलेल्या कित्येक ‘डेड’ पीसींचा आजार या चार ओळींतच संपतो.

बाहेरचं सगळं ठीक निघालं, तर संशय बटणावर घ्या. रोज दाबून त्याची स्प्रिंग मरते किंवा आतला संपर्क गंजतो. दुकानातले कारागीर यासाठी एक झकास युक्ती करतात. शेजारच्या रीसेट बटणाची वायर काढून पॉवरच्या दोन पिनांवर लावतात. दोन्ही बटणं आतून सारखीच. रीसेट दाबल्यावर पीसी सुरू झाला, तर दोष बटणाचा, आणि नवीन बटण येईपर्यंत रीसेटवर काम भागतं. याच्या उलट प्रकारही होतो. रीसेटचं बटण आत अडकून बसलं, तर पंखे फिरत राहतात, पण प्रोसेसर हलत नाही.

325 व्होल्टांचा डबा

आता एसएमपीएसच्या आत डोकावू, अर्थात फक्त मनाने. हा डबा उघडायचा नाही, हा नियम पाळाच. घरात 230 व्होल्टची वीज येते असं आपण म्हणतो, पण ती सेकंदाला 50 वेळा वर-खाली होणारी लाट असते आणि 230 हे तिचं एका प्रकारचं सरासरी माप. लाटेचं टोक सुमारे 325 व्होल्टपर्यंत जातं. एसएमपीएस आधी ही लाट एकाच दिशेला वळवतो आणि एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतो. नव्या, चांगल्या एसएमपीएसमध्ये हा साठा 400 व्होल्टच्या आसपास असतो. प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो. डबा न उघडण्याचं कारण हेच.

पुढची करामत खरी बघण्यासारखी. हा साठा इलेक्ट्रॉनिक खटक्यांनी सेकंदाला हजारो-लाखो वेळा तोडला-जोडला जातो आणि मग ट्रान्सफॉर्मरमधून खाली उतरवला जातो. इतका खटाटोप कशासाठी? ट्रान्सफॉर्मरचा आकार विजेच्या वारंवारतेवर ठरतो म्हणून. 50 हर्ट्झवर 400 वॉट पुरवायला काही किलो वजनाचा लोखंड-तांब्याचा ठोकळा लागला असता. तेच काम वारंवारता हजारो पटींनी वाढवल्यावर तळहातावर मावणारा फेराइटचा तुकडा करतो. बाहेर पडतात ते 12, 5 आणि 3.3 व्होल्ट. परंपरेने पिवळी, लाल आणि केशरी वायर ही त्यांची ओळख. हल्ली सगळ्या वायरी काळ्या ठेवण्याची पद्धत आली आहे, तिथे जागेवरूनच ओळखावं लागतं.

त्या साठ्याचा आणखी एक उपयोग आहे. वीज गेल्यावरही एसएमपीएस साधारण 16-17 मिलिसेकंद तग धरतो. हा काळ डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी, पण यूपीएसला बॅटरीवर जायला तेवढा पुरतो. घरातला बल्ब फडफडला तरी पीसी बंद पडत नाही, तो याच्याच बळावर. साठवणारा कपॅसिटर म्हातारा झाला, की हा अवधी कमी होतो. मग यूपीएस असूनही वीज गेल्याबरोबर पीसी रीस्टार्ट होतो आणि खापर यूपीएसच्या बॅटरीवर फुटतं.

हिरवी वायर विचारते, राखाडी उत्तर देते

मदरबोर्डने बटणाचा अर्ज वाचला की तो 24 पिनांच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळ्या वायरीशी, म्हणजे शून्य व्होल्टशी, जोडतो. एसएमपीएससाठी हा ‘सुरू हो’ असा हुकूम. तो 12, 5 आणि 3.3 व्होल्टच्या धारा सोडतो. पण प्रोसेसर लगेच कामाला लागत नाही. त्याला रीसेटमध्ये अडकवून ठेवलेलं असतं. धारा ठरलेल्या मर्यादेत आल्या, डळमळायच्या थांबल्या, की मग एसएमपीएस राखाडी वायरीवरून ‘वीज ठीक आहे’ असा निरोप पाठवतो. या निरोपाला सेकंदाच्या दहाव्या भागापासून अर्ध्या सेकंदापर्यंत वेळ लागतो. प्रोसेसर 3 गिगाहर्ट्झचा असेल, तर सेकंदाच्या एक दशांशात त्याचे 30 कोटी ठोके पडले असते. एवढा वेळ तो निव्वळ वाट बघतो, कारण अर्धवट विजेवर केलेला एक चुकीचा हिशेबसुद्धा पुढचं सगळं बिघडवू शकतो.

हा निरोप आलाच नाही, तर? पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पीसी मात्र सुरू होत नाही. ‘पॉवर येते, पण डिस्प्ले येत नाही’ या तक्रारीमागे कधीकधी हेच असतं.

एसएमपीएस एकटा तपासायची एक प्रसिद्ध पद्धत आहे. आधी प्लग काढायचा, मग एसएमपीएसच्या सगळ्या केबली पीसीपासून मोकळ्या करायच्या. 24 पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरव्या आणि शेजारच्या काळ्या वायरीच्या भोकांत वाकवलेली पेपर क्लिप घालायची आणि मग प्लग लावायचा. मदरबोर्डने द्यायचा हुकूम इथे आपण देतो. पंखा फिरला तर एसएमपीएस निदान जिवंत आहे. पण एवढ्यावर त्याला पास करू नका. एक तर काही एसएमपीएसचे पंखे भार कमी असताना मुद्दामच थांबलेले असतात. दुसरं म्हणजे रिकामा एसएमपीएस ठीक चालतो आणि भार पडला की मान टाकतो, असंही होतं. मल्टिमीटर असेल तर मोजून बघा. 12 व्होल्टची धार 11.4 ते 12.6 आणि 5 व्होल्टची 4.75 ते 5.25 या दरम्यान हवी. मीटर नसेल, तर ओळखीच्यांकडचा चालू एसएमपीएस लावून बघणं हा सगळ्यात खात्रीचा इलाज.

आणखी एक लक्षण ओळखून ठेवा. बटण दाबलं की पंखा एक गिरकी घेतो आणि थांबतो, तेव्हा एसएमपीएस बिघडलेला असेलच असं नाही. बऱ्याचदा तो आपलं कर्तव्य बजावत असतो. कुठे तरी शॉर्ट आहे हे कळताच तो स्वतःला बंद करून घेतो आणि प्लग काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय पुन्हा सुरू व्हायला नकार देतो. प्लग काढून बटण 20-30 सेकंद धरून ठेवण्याचा जो घरगुती उपाय सांगतात, तो अंधश्रद्धा नाही. बोर्डावरचा उरलासुरला विद्युतभार त्याने निघून जातो आणि संरक्षणाचं कुलूप सुटतं. मग शॉर्ट शोधायचा. पुढच्या यूएसबी पोर्टमधली एखादी पिन वाकून शेजारणीला चिकटली आहे का, मदरबोर्डखाली सुटा स्क्रू पडला आहे का, बोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर बसतो त्यातली एखादी चुकीच्या जागी राहून बोर्डाच्या पाठीला टेकते आहे का, हे क्रमाने बघा.

फुगलेले डबे आणि झिणझिण्या

मदरबोर्डवर प्रोसेसरच्या आजूबाजूला उभ्या डब्यांसारखे कपॅसिटर दिसतात. जुन्या बोर्डांवर त्यांच्या डोक्यावर अधिकचं किंवा इंग्रजी के अक्षरासारखं चिन्ह कोरलेलं असतं. ती नक्षी नव्हे. आतला द्रव तापून वायू झाला, तर डबा फुटण्याऐवजी त्या रेषांवर उसवावा म्हणून केलेली ती सोय आहे. टॉर्च धरून तिरपं बघा. डोकं सपाट असेल तर ठीक, घुमटासारखं वर आलं असेल किंवा त्यावर तपकिरी खरपुडी दिसली, तर गुन्हेगार सापडला. 1999 ते 2007च्या सुमारास सदोष द्रव भरलेले असे कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांत गेले आणि ऐन उमेदीत फुगून बसले. ‘कपॅसिटरची साथ’ म्हणूनच तो काळ ओळखला जातो. आजच्या चांगल्या बोर्डांवर घन पॉलिमरचे कपॅसिटर असतात आणि ते असे फुगत नाहीत.

सकाळी पाच-सहा वेळा बटण दाबल्यावर सुरू होणारा आणि मग दिवसभर सुरळीत चालणारा पीसी तुम्ही पाहिला असेल. थकलेल्या कपॅसिटरची अंतर्गत अडवणूक थंड असताना जास्त असते आणि तो गरम झाला की कमी होते. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात तो थोडा थोडा गरम होत जातो. असा पीसी काही आठवड्यांत कायमचा बसणार हे गृहीत धरा आणि डेटाची कॉपी आजच काढून ठेवा.

आता झिणझिण्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बारीक करंट जाणवतो, टेस्टर लावला तर दिवा लागतो, ही तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याला जोडलेला आणि दुसरा न्यूट्रलपासून. सॉकेटला अर्थिंग असेल, तर त्यातून झिरपणारी वीज निमूट जमिनीत जाते. अर्थिंग नसेल, तर पत्रा दोघांच्या मध्ये लोंबकळतो आणि त्यावर 230च्या निम्मे, म्हणजे सुमारे 115 व्होल्ट दिसतात. प्रवाह मिलिअँपिअरच्याही खाली असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्यांवर भागतं. पण तो पत्रा तुम्हाला सांगत असतो, की भिंतीतली तिसरी तार कुठेच पोचलेली नाही. पीसीच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावलेलं बरं.

आत हात घालण्यापूर्वी प्लग काढा आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात टेकवा. अंगावरच्या स्थिर विजेचा चटका आपल्याला जाणवतो तेव्हा ती हजारो व्होल्टच्या घरात असते. चिपा त्याहून फार कमी व्होल्टला बळी पडू शकतात, म्हणजे आपल्याला कळण्याच्याही आधी.

प्रोसेसरच्या दारातले 80 अँपिअर

12 व्होल्ट मदरबोर्डपर्यंत आले, तरी प्रोसेसरला ते चालत नाहीत. त्याला लागतात जेमतेम 1 ते 1.3 व्होल्ट. प्रोसेसरशेजारच्या चौकोनी करड्या ठोकळ्यांची जी रांग दिसते, ती हे रूपांतर करते. आणि प्रोसेसरला नेमकं किती व्होल्ट हवं, हे ती रांग त्यालाच विचारते. एकही आज्ञा चालवण्याआधी प्रोसेसर आपली मागणी नोंदवतो आणि मग त्याप्रमाणे पुरवठा होतो.

आता गणित करा. प्रोसेसर 100 वॉट खात असेल आणि व्होल्टेज 1.2 असेल, तर प्रवाह झाला 80 अँपिअरहून जास्त. बाथरूममधला 2000 वॉटचा गिझर साधारण 9 अँपिअर घेतो आणि त्याला आपण जाड वायर, मोठा प्लग आणि वेगळा खटका देतो. त्याच्या नऊपट प्रवाह टेबलाखालच्या डब्यात, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोड्या मोठ्या चिपमध्ये शिरतो. एवढा प्रवाह लांबून आणला असता तर वाटेतच बरीच वीज उष्णतेत गेली असती. म्हणून शेवटचं रूपांतर प्रोसेसरला खेटून होतं आणि तिथवर वीज 12 व्होल्टवर येते.

या 12 व्होल्टसाठी बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, बहुधा पंख्याच्या आडोशाला, 4 किंवा 8 पिनांचं वेगळं सॉकेट असतं. नवा पीसी जोडणारे हमखास विसरतात ते हेच. ते रिकामं राहिलं की पंखे फिरतात, दिवे झगमगतात आणि प्रोसेसर उपाशी बसतो. ग्राफिक्स कार्डालाही वेगळी वायर लागत असेल, तर तीही याच वेळी बघून घ्या.

पहिली आज्ञा, आणि स्मरणशक्ती नसलेला संगणक

वीज ठीक, निरोप आला, रीसेट सुटला. आता प्रोसेसर पहिली आज्ञा वाचायला निघतो. ती कुठे आहे हे त्याला सांगणारं अजून कोणी नसतं, म्हणून एक पत्ता त्याच्या घडणीतच कोरलेला असतो. इंटेलच्या 1978 सालच्या 8086 चिपमध्ये हा पत्ता तिच्या 1 एमबीच्या हद्दीच्या टोकापासून 16 बाइट अलीकडे होता. आजचा इंटेलचा प्रोसेसर 4 जीबीच्या टोकापासून बरोबर 16 बाइट अलीकडे वाचायला सुरुवात करतो. 16 बाइटांत मावतं ते एवढंच, की खरं काम अमुक ठिकाणी आहे, तिकडे उडी मार. ही उडी त्याला बायॉसपाशी, म्हणजे मदरबोर्डवरच्या एका चिपमधल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमपाशी नेते.

गंमत अशी की या क्षणी संगणकाला रॅम नाही. ती खाचेत बसलेली आहे, पण तिच्याशी बोलायचं कसं हे अजून ठरलेलं नाही. मग बायॉस काम कसं करतो? इंटेलच्या प्रोसेसरांत आतल्या कॅशचाच, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतःच्या छोट्या स्मृतीचाच, एक तुकडा तात्पुरती रॅम म्हणून वापरला जातो. त्या तुटपुंज्या जागेत बसून बायॉस खरी रॅम जागी करतो.

हे जागं करणं सोपं नाही. डीडीआर5-4800 प्रकारच्या रॅममध्ये एका पिनवरून सेकंदाला 480 कोटी बिट जातात. एका बिटाच्या वाट्याला सेकंदाच्या अब्जांशाचा सुमारे पाचवा भाग येतो. तेवढ्या वेळात विद्युत संकेत बोर्डावर जेमतेम 3 सेंटिमीटर पुढे सरकतो. म्हणजे दोन वायरींच्या लांबीतला काही मिलिमीटरचा फरकसुद्धा महागात पडतो. रॅमच्या खाचांजवळ बोर्डावरच्या रेषा बघा. काही सरळ जातात, काही उगाच नागमोडी वळणं घेतात. ती वळणं जवळच्या वायरीला मुद्दाम लांब करून सगळ्यांची लांबी सारखी ठेवण्यासाठी आहेत. एवढं करूनही उरलेली तफावत प्रत्येक वायरीवर चाचणीचे संकेत पाठवून, मोजून, दुरुस्त केली जाते. नव्या डीडीआर5 रॅमने पहिल्यांदा सुरू होणारा पीसी या मोजमापात काही मिनिटंसुद्धा काळा पडदा दाखवत बसू शकतो. पुष्कळ लोक घाबरून मध्येच बंद करतात आणि बिचाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. नवी रॅम घातली असेल, तर चहा घेऊन या.

जुन्या पीसीत मात्र रॅमचा आजार बहुधा साधा असतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत धूळ आणि ओलावा मिळून सोनेरी पट्ट्यांवर पातळ थर धरतो. दोन्ही बाजूंचे खटके उघडून रॅम सरळ वर काढा. पट्ट्या काळवंडल्या असतील, तर दुकानदार खोडरबरने हलक्या हाताने पुसतात. रबराचे कण झटकून टाका, किंवा त्याहून बरं म्हणजे कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. परत बसवताना खाचेतला उंचवटा आणि रॅममधली फट जुळवा, दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाबा. टक असा आवाज आला पाहिजे. पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही, या तक्रारीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय हाच आहे.

पडद्याआधीची भाषा

पडदा उजळण्यापूर्वी काही बिघडलं, तर संगणक ते सांगणार कसं? 1981च्या आयबीएम पीसीने यावर तोडगा काढला, शिट्टीचा. सगळं ठीक असेल तर एक छोटी बीप. बिघाड असेल तर लांब-आखूड बीपांचं ठरावीक मिश्रण. अवॉर्ड कंपनीच्या बायॉसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्लेची अडचण. हल्लीच्या बऱ्याच कॅबिनेटात तो स्पीकरच नसतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत चार पिनांच्या कनेक्टरचा छोटा बझर अगदी किरकोळ किमतीत मिळतो. मदरबोर्डवर स्पीकर असं लिहिलेल्या पिनांवर तो लावला, की मुका पीसी बोलू लागतो.

1984च्या पीसी-एटीपासून याहून बारकाईची सोय चालत आली आहे. प्रत्येक टप्पा सुरू करण्याआधी बायॉस त्या टप्प्याचा क्रमांक एका ठरलेल्या पत्त्यावर लिहितो. तो क्रमांक दाखवणारी छोटी कार्डं दुरुस्तीवाल्यांकडे असतात. चालू पीसीत दोन अक्षरी क्रमांक भराभर पळत जातात. अडलेल्या पीसीत एक क्रमांक स्थिर राहतो. त्यानंतरचं पाऊल पडलेलं नाही, एवढं त्यावरून पक्कं कळतं. नव्या बोर्डांवर त्याऐवजी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी नावं असलेले चार दिवे असतात. जो पेटून राहतो, तिथे गाडी अडली.

व्हीजीएचा दिवा पेटला तर ग्राफिक्स कार्ड काढून पुन्हा घट्ट बसवा. एकही दिवा नाही, बीप व्यवस्थित, तरी पडदा काळा? मग मॉनिटरची केबल बघा. ग्राफिक्स कार्ड असताना ती मदरबोर्डच्या पोर्टमध्ये खोचलेली असणं ही फार जुनी आणि फार कॉमन गफलत आहे.

राहिला तो नाण्यासारखा सीआर2032 सेल. 3 व्होल्टचा हा सेल संगणकाचं घड्याळ चालवतो. त्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. ही संख्या 15 वेळा निम्मी केली की बरोबर 1 उरतो, म्हणजे एक सेकंद. सेल संपला तर तारीख काही वर्षं मागे जाते आणि बायॉसचं सेटिंग विसरलं जाऊ शकतं, पण तेवढ्याने पीसी सहसा डेड होत नाही. मात्र बायॉसमध्ये काही बदलल्यानंतर पीसी सुरू व्हायचा थांबला असेल, तर प्लग काढून हा सेल काही मिनिटं बाहेर ठेवा. सेटिंग मूळपदावर येतं.

सगळं काढा, मग एकेक लावा

एवढं करूनही पीसी हलला नाही, तर शेवटचा मार्ग वजाबाकीचा. प्रिंटर, पेनड्राइव्ह, हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड, जास्तीची रॅम, सगळं काढून टाका. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि त्याचा पंखा, एक रॅम आणि एसएमपीएस एवढ्यावर बीप यायला किंवा बायॉसचा पडदा दिसायला हवा. पडद्यासाठी प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स नसेल, तर कार्ड ठेवावं लागतं. एवढ्यावर पीसी सुरू झाला, तर एकेक वस्तू परत जोडत जा. जी जोडल्यावर बंद पडेल, ती दोषी. एका वेळी एकच बदल करायचा, हा नियम मोडलात की पीसी सुरू होईलही, पण का सुरू झाला हे कळणार नाही आणि महिनाभराने तोच आजार परत येईल.

पीसी दुकानात न्यायची वेळ आली, तर ‘चालू होत नाही’ एवढं सांगून थांबू नका. बोर्डावरचा दिवा पेटतो की नाही, पंखा फिरतच नाही की एक गिरकी घेऊन थांबतो, किती बीप येतात, कुठला दिवा पेटून राहतो, आणि हे सुरू होण्याआधी काय बदललं होतं, या पाच गोष्टी कागदावर लिहून द्या. अर्धं निदान त्यातच झालेलं असतं. उरलेल्या अर्ध्यासाठीच पैसे मोजा, आणि ‘मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या’ असं कोणी न उघडता सांगितलं, तर दुसऱ्या दुकानाची पायरी चढा.